स्लाइटली निगोशिएबल

मंडईत गवार चाळीस रुपये पाव म्हटली की "तीसला लावा, अर्धा किलो घेतो" असं म्हणणं हा पुणेकराचा वडिलोपार्जित हक्क आहे. त्यात गवारवालीचा अपमान झाला असं आजवर कोणाच्या मनाला शिवलेलं नाही, गवारवालीच्या तर नाहीच. तोच पुणेकर स्वतःचा फ्लॅट एक कोटीला काढतो, समोरचा शांतपणे "ब्याऐंशी" म्हणतो, आणि याचं डोकं फिरतं. मग त्या ब्याऐंशीवाल्याचं गाव, शिक्षण, नोकरी, त्याने दाराबाहेर चपला कशा काढल्या होत्या, सगळं निघतं. शेवटी निकाल लागतो: "घ्यायचंच नाहीये हो त्याला. फालतू पार्टी."

आमच्याकडे हा निकाल व्हॉट्सॲपवर लागला. आम्ही तिघं भावंडं. दादा न्यू जर्सीत, ताई ठाण्यात आणि मी पुण्यात, म्हणजे किल्ली माझ्याकडे. आईबाबांचा फ्लॅट कोथरूडला, पौड रोडपासून आत. १९८८ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आमचा दुसरा मजला, कार्पेट साडेसहाशेला जरा कमी. आई गेल्यापासून बंदच होता. विकायचा, यावर तिघांचं एकमत झालं. कितीला, यावरही झालं, आणि तेही पाच मिनिटांत. एक कोटी. ज्या घरात गणपतीची मूर्ती किती इंचांची आणायची यावर दोन दिवस चर्चा चालायची, त्या घरात एवढा मोठा आकडा कोणी विरोध न करता मंजूर केला, कारण तो ऐकायला बरा वाटत होता.

हा कोटी आला कुठून, याचा मी नंतर सवडीने माग काढला. ताईला तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं होतं, "मागच्या गल्लीतला एकशे पाचला गेला." काकांना सांगितलं इस्त्रीवाल्याने. इस्त्रीवाल्याला त्या फ्लॅटवाल्यांच्या ड्रायव्हरने. ड्रायव्हरच्या पुढे माग लागला नाही. तो फ्लॅट बारा वर्षांपूर्वीच्या इमारतीतला होता, लिफ्ट होती, दोन गाड्यांची जागा होती, हे तपशील इस्त्रीत कुठेतरी दाबले गेले असावेत.

ताईने शिवाय मोबाइलवर फ्लॅटच्या जाहिराती बघितल्या. आसपासचे सगळे टू बीएचके पंच्याण्णव ते एकशे दहा. "बघ, सगळीकडे हाच रेट आहे." आता यातली मौज अशी, की तिथे दिसतात ते न विकल्या गेलेल्या फ्लॅटचे भाव. जो विकला जातो त्याची जाहिरात खाली उतरते. म्हणजे ज्या भावाला गिऱ्हाईक मिळत नाही, नेमका तोच भाव महिनोन्महिने लोकांच्या डोळ्यांसमोर राहतो, आणि तो बघून पुढचा माणूस आपला भाव ठरवतो. त्या रांगेत आम्हीही जाऊन उभे राहिलो. आमची जाहिरात बघून आणखी चार जणांना कोटीचा आधार वाटला असेल.

दादाचं म्हणणं वेगळं. तिकडे झिलो नावाची कंपनी आहे. घराचा पत्ता टाकला की यंत्र किंमत सांगतं. "आपल्याकडे असलं काहीच कसं नाही?" मी त्याला दोन गोष्टी कळवल्या. एक, याच झिलोने यंत्राच्या अंदाजावर विसंबून स्वतः घरं विकत घ्यायचा धंदा काढला, घरं महाग घेऊन बसली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन, २०१६ साली त्या कंपनीचे तेव्हाचे मुख्याधिकारी स्पेन्सर रॅस्कॉफ यांचं सिॲटलचं घर विकलं गेलं साडेदहा लाख डॉलरना, आणि त्यांच्याच यंत्राने त्याची किंमत दाखवली होती साडेसतरा लाख. दादाने उत्तरादाखल अंगठा पाठवला. दादाचा अंगठा म्हणजे विषय संपला. मत बदललं असं नव्हे.

एजंटने जाहिरात केली: प्राइम लोकेशन, क्लिअर टायटल, वन सीआर, स्लाइटली निगोशिएबल. हे 'स्लाइटली' किती, ते तिघांनी एकमेकांना सांगितलं नाही. दादाच्या मनात एक लाख होता. ताईच्या मनात दोन, आणि तेही माणसं चांगली असली तर. माझ्या मनात किती ते मी लिहीत नाही, कारण हा लेख ताई वाचते.

मग घर बघायला माणसं यायला लागली. यातली निम्मी घर घ्यायला येत नाहीत, हे पहिल्या दोन रविवारीच कळतं. काही जण आपल्या फ्लॅटला काय भाव येईल याचा अंदाज घ्यायला येतात. काहींना आपल्या स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा असतो आणि दुसऱ्यांचा कसा आहे ते बघायचं असतं. खऱ्या गिऱ्हाइकाची खूण एकच. तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो आणि पाण्याला जोर किती ते बघत उभा राहतो. जो हॉलमधूनच "वा, हवेशीर आहे" म्हणतो तो परत येत नाही.

एका कुटुंबाबरोबर त्यांचे मामा आले होते, वास्तुशास्त्रातले जाणकार. त्यांनी मोबाइलवर होकायंत्र काढलं आणि हॉलमध्ये स्वतःभोवती हळूहळू फिरले. दार दक्षिणेला निघालं. मामांनी ओठ बाहेर काढले. मग आतल्या खोलीत बाबांच्या लोखंडी कपाटाशेजारी उभे राहून पुन्हा मोजलं, तेव्हा तेच दार पूर्वेच्या बाजूला झुकलं. कपाट सगळं पोलादी, सुई त्याच्याकडे ओढली जाणार, हे शाळेत शिकवतात. मी मामांना तिथेच खुर्ची दिली आणि चहा आणायला आत गेलो. पण त्यांच्या भाच्यालाही शाळेतलं आठवत होतं.

विकणाऱ्याला जे गुण वाटतात तेच घेणाऱ्याला भाव पाडायला उपयोगी पडतात. आम्ही सांगायचो, मेट्रोचं स्टेशन चालत सात मिनिटांवर. वनाझ ते गरवारे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, तेव्हापासून पौड रोडच्या प्रत्येक फ्लॅटवाल्याला ती आपल्यासाठीच बांधली असं वाटतं. समोरचा विचारायचा, "आवाज येतो का हो?" आम्ही सांगायचो, सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार, जास्तीचं कार्पेट मिळेल. समोरचा म्हणायचा, "म्हणजे तीन वर्षं भाड्याने राहायचं, आणि बिल्डर अडकला तर?" कोथरूडमधल्या जुन्या इमारतींना ही रिडेव्हलपमेंट गेली कित्येक वर्षं 'पुढच्या वर्षी' लागलेली आहे. आमच्या सोसायटीत तिच्यासाठी एक समिती आहे आणि त्या समितीविरुद्ध दुसरी एक समिती आहे. ही दुसरी समिती आम्ही गिऱ्हाइकांना सांगत नव्हतो. काका सांगत होते.

ताईचा हिशेब तर वेगळ्याच चोपडीतला. १९९४ साली बाबांनी बेडरूममध्ये सागवानी कपाटं करून घेतली. सुतार तीन महिने घरात होता, रोज दुपारी आईकडून चहा-लाडू घेत होता. "आज तसं सागवान मिळतं का? त्याचे दोन-तीन लाख धरायलाच हवेत." गिऱ्हाईक त्याच कपाटापुढे उभं राहून बायकोला हळूच म्हणायचं, "हे सगळं काढायला किती घेतील?" मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, पितळी नळ, सगळ्याचं तेच. विकणारा झालेला खर्च मोजतो, घेणारा होणारा. दोघांचीही बेरीज बरोबर असते आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटतो.

तर ब्याऐंशीची पार्टी. दोघंही नोकरी करणारे, तिशीतले. त्याने नळ सोडून बघितला. ती गॅलरीत गेली, झोपाळ्यावर बसली, एक झोका घेतला आणि लगेच उठली, आपण काहीतरी देऊन बसलो अशा चेहऱ्याने. दुसऱ्या दिवशी एजंटकडून आकडा आला. ग्रुपवर दादा म्हणाला, "त्याचा फोनसुद्धा उचलू नको." ताईने रागाचे तीन चेहरे टाकले. मी एजंटला म्हटलं, "घरच्यांशी बोलून कळवतो," आणि काहीच कळवलं नाही. मराठीत नकार द्यायची ही सर्वात टिकाऊ पद्धत आहे. यात कोणाचं काही तुटत नाही आणि पुढे उपयोगी पडलं तर ते आपलं शहाणपण ठरतं.

नंतर एक गुंतवणूकदार आले. दोन्ही हातांत मिळून चार अंगठ्या. त्यांनी घर बघितलंच नाही, जिन्यातूनच म्हणाले, "पंच्याण्णव देतो. पासष्ट व्हाइट, तीस रोख." ताईला पंच्याण्णव एवढंच ऐकू आलं. तिला समजावून सांगावं लागलं, की स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. म्हणजे तीस घेऊन तीस भरायचे. शिवाय रेडी रेकनरने आमच्या फ्लॅटची किंमत पंच्याहत्तरच्या आसपास निघत होती. करारात त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली लिहिलं, की आयकरवाले लिहिलेली किंमत बाजूला ठेवून सरकारी किंमत धरतात. मुद्रांक शुल्कही दोन्हींत जी किंमत जास्त असेल तिच्यावर. माणसाने किती खाली उतरावं याची एक पायरी सरकारने आखून ठेवली आहे, हे वाचून मला तर सरकारविषयी आपुलकी वाटली.

त्यानंतर कोटी द्यायला तयार असलेला माणूस आला. खरोखर आला. नाशिकचे निवृत्त गृहस्थ, अतिशय सज्जन, घर आवडलं, कोटीला हरकत नाही म्हणाले. दादाने ग्रुपवर "सांगितलं होतं ना" असं लिहिलं. अट एवढीच, की त्यांचा नाशिकचा बंगला विकला गेला की पैसे. बंगल्याला ते दीड कोटी मागत होते. त्यांना एकशे पंचवीसची ऑफर आली होती, ती त्यांनी धुडकावली होती. "फालतू पार्टी होती हो," ते मला म्हणाले. मी त्यांना दुसरा चहा विचारला.

या सगळ्यात एजंटची तब्येत मात्र उत्तम. त्याच्याकडे दोन बाजार होते. मला फोन केला की "साहेब, मार्केट एकदम डाऊन आहे, आलेली पार्टी सोडू नका." गिऱ्हाइकाला, माझ्याच समोर, "मॅडम, कोथरूडला रिसेल मिळतच नाही, उद्या असेल की नाही सांगता येत नाही." त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्याकडून त्याला एक टक्का. मी सहा लाखांसाठी वर्षभर अडून बसलो आणि ते मिळाले, तर त्याच्या पदरात माझ्याकडून पडणार सहा हजार. कोण थांबेल? स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरविक्रींच्या नोंदी तपासल्या. एजंट लोक स्वतःचं घर विकताना दुसऱ्याच्या घरापेक्षा साधारण दहा दिवस जास्त थांबतात आणि तीन टक्क्यांहून थोडा जास्त भाव मिळवतात, असं निघालं. मी आमच्या एजंटला हे सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, माझा स्वतःचा फ्लॅट दोन वर्षं पडून आहे."

आषाढ गेला, श्रावण गेला. फोन यायचे बंद झाले. मग एका रात्री मी कागद घेऊन बसलो. समजा, शहाऐंशी लाख मिळाले आणि सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला सहा लाख व्याज. म्हणजे बंद घर आमचे महिन्याला पन्नास हजार रुपये गिळत होतं. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, मीटरचं किमान बिल, आणि दर पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर उमटणारा एक नकाशा. कोटी आणि शहाऐंशी यांत चौदा लाखांचं अंतर. नुसत्या व्याजाने ते दोन वर्षं चार महिन्यांत भरून निघतं. तोवर कोटीवाला यायला हवा, आणि त्याचा नाशिकला बंगला नसायला हवा. मी हा हिशेब फोटो काढून ग्रुपवर टाकला. दादा म्हणाला, "इमोशनल होऊ नको." ताई म्हणाली, "आईच्या घराचं तू व्याज काढलंस?"

दादाची अडचण कराचीही होती, ती सांगायला हवी. घर १९८८ चं असलं, तरी नफा मोजताना १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. घर जणू त्या दिवशी जन्मलं. तिथून पुढे ताईला आणि मला दोन रस्ते: महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, नाहीतर न लावता साडेबारा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर हा पर्याय इथल्या रहिवाशांनाच ठेवला. दादा अनिवासी, त्याला निर्देशांक नाही. शिवाय पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना घेणाऱ्याने एक टक्का कर कापायचा असतो, पण मालक परदेशी राहणारा असेल तर त्याच्या हिश्श्यावर तेवढ्याने भागत नाही. त्यामुळे "एक मालक अमेरिकेत आहे" हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक आणखी दोन लाख खाली यायचं. दादा भाव चढा ठेवत होता आणि दादामुळेच तो उतरत होता. हे त्याला कळवायचं धाडस मी केलं नाही. ताईने केलं.

घेणाऱ्याचा हिशेब मात्र मी तोवर कधी मांडून बघितला नव्हता. विकणारे सहसा बघत नाहीत. शहाऐंशीचं घर. बँक जास्तीत जास्त ऐंशी टक्के देणार, म्हणजे अडुसष्ट लाख ऐंशी हजार. उरलेले सतरा लाख वीस हजार खिशातून. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर सहा. हा एक टक्का वाचवायला पुण्यातले किती नवरे कागदोपत्री बेघर झाले आहेत, याची गणती व्हायला हवी. सहा टक्क्यांनी पाच लाख सोळा हजार, नोंदणीचे तीस हजार, एजंटचे शहाऐंशी हजार. झाले साडेतेवीस लाख, अजून घरात एक पंखा लावलेला नाही. त्यात इमारत जुनी म्हणून बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत ऐंशीच लिहिली, तर कर्ज चौसष्टवर येतं आणि वरचे चार लाख ऐंशी हजार पुन्हा खिशातून. फ्लॅटची खरी किंमत ठरवणारा हा व्हॅल्युअर दहा मिनिटं येतो, टेप लावतो, पाणी पीत नाही आणि कोणाशी बोलत नाही. ज्याला आम्ही टाइमपास म्हणत होतो तो बिचारा ब्याऐंशी कुठून आणायचे या विवंचनेत असणार.

पितृपक्ष लागला. आमच्याकडे पितृपक्षात रुमालसुद्धा घेत नाहीत, मग घर कोण बघायला येणार? ती दोघं आली. ब्याऐंशीवाली. एजंट म्हणाला, "साहेब, आत्ता येते ती जेन्युइन पार्टी." त्यात तथ्य होतं. या पंधरवड्यात दुसरं गिऱ्हाईक नसतं, मालक पेंगुळलेला असतो, हे ज्याला कळतं त्याने कागद पुरे करून आणलेले असतात. कर्ज मंजूर झाल्याचं पत्र त्यांच्या हातात होतं. आकडा शहाऐंशी. बोलणी दसऱ्याला करू, असं ठरलं. ताईची तेवढी अट होती.

याच दिवसांत दादाने ग्रुपवर एक आनंदाची बातमी दिली. निवृत्तीनंतरसाठी तो फ्लोरिडात एक काँडो बघत होता. मालकाने जेवढे मागितले त्यापेक्षा अठरा टक्के कमी किमतीची ऑफर त्याने टाकली होती. "बाजार थंड आहे, मालक किती दिवस अडून बसेल? सुरुवात खालूनच करायची असते," असं त्याने आम्हाला समजावून सांगितलं. काही वेळ ग्रुपवर शांतता होती. मग ताईने लिहिलं, "त्या गोऱ्याने तुला फालतू पार्टी म्हटलं का रे?" दादाने अंगठा पाठवला नाही. सकाळी त्याचा निरोप आला, "तुम्हा दोघांना योग्य वाटेल ते करा. कुलमुखत्यारपत्र पाठवतो."

दसऱ्यानंतर एजंटच्या ऑफिसात बसलो. एक गाळा, गणपतीचा फोटो, अमृततुल्यचा चहा, आणि टेबलावर मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर. या व्यवहारात तोंडाने आकडा कोणी बोलत नाही. त्या मुलाने शहाऐंशी दाबून कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मी त्र्याण्णव दाबून परत सरकवला. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. एजंट छताकडे बघत होता, त्याला यातलं काही दिसत नसल्यासारखा. मुलाने बायकोकडे बघितलं, तिने पापणीही हलवली नाही, आणि त्याने एकोणनव्वद दाबून कॅल्क्युलेटरवरचा हात तसाच ठेवला. तो हात बघून मला कळलं, की याच्या पुढे खिसा नाही.

मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "झोपाळा आमचा आहे. तो यात नाही."

कोटीवरून एकोणनव्वदपर्यंत आम्ही पंधरा मिनिटांत उतरलो होतो. झोपाळ्याला त्याहून जास्त वेळ लागला. शिसवी लाकूड, पितळी कड्या, आईची दुपारची जागा. ताईने सगळं सांगितलं. ती मुलगी ऐकत होती. पहिल्या दिवशी तिने घेतलेला झोका ताई विसरली नव्हती, आणि तीही विसरली नव्हती. शेवटी तिने विचारलं, "काकू, तुमच्या ठाण्याच्या घरी लावाल कुठे?" ठाण्यात ताईच्या गॅलरीत एसीचं यंत्र आणि दोन कुंड्या आहेत. ताई गप्प झाली. मग म्हणाली, "पंचवीस हजार." मुलीने पर्समधून मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे पाठवले. सगळ्या व्यवहारात मागितलेल्या किमतीला, एक रुपया न घासता गेलेली वस्तू ही एकच.

दिवाळीआधी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो झाले, अंगठे झाले, दस्त झाला. किल्ली द्यायला गेलो तेव्हा तळमजल्यावरचे काका दारातच होते. "मग? कितीला?" मी घसा साफ करत होतो तेवढ्यात ताई म्हणाली, "पंच्याण्णवच्या वर गेला, काका. झोपाळा धरून." काकांनी मान डोलावली आणि इस्त्रीचे कपडे द्यायला निघाले.

आमच्याच जिन्यात पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आता निघाला आहे, एकशे पाच, स्लाइटली निगोशिएबल. हा लेख वाचणारं कोणी तो बघायला जाणार असेल, तर काकांशी बोलू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या दस्ताचा इंडेक्स टू कोणालाही पैसे न भरता बघता येतो. आमचा तिथे आहे. एकोणनव्वद लाख, झोपाळा सोडून.